चाळीची पहिली सिव्हिल इंजिनिअर

घोडपदेव,
४ जुलै

प्रिय कमलआत्या,

सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते. पण आमच्या खोलीत फोन म्हणजे काय असतं ते तुला माहीत आहे. तुझं नाव दिसलं की पप्पा म्हणतात, "स्पीकरवर टाक, ताईचा आवाज ऐकू दे." मम्मी कुकर बंद करून ऐकायला येते. आणि भिंतीपलीकडून दुर्गाकाकू ओरडतात, "कमलताईंना माझा पण जय भीम सांग गं!" व्हॉट्सअॅपचं तर विचारूच नको, माझा फोन मम्मीच्या अंगठ्यानेही उघडतो. आणि तुझा फोन दिवसभर शेठच्या ड्रॉवरमध्ये. म्हणून हे पाकीट दुकानाच्या पत्त्यावर.

उत्तर मात्र बिनधास्त घरी पाठव. पप्पा इतकी वर्षं महापालिकेत आवक-जावक टेबलावर आहेत, दुसऱ्याच्या नावाचं टपाल ते मेले तरी फोडणार नाहीत आणि मम्मीलाही फोडू देणार नाहीत. या घरात खासगी अशी एवढी एकच गोष्ट आहे.

तर विषय असा. सीईटीचे मार्क तुला पेढ्यासकट कळलेच. क्लासचे सर म्हणतात, माटुंग्याच्या कॉलेजात मेकॅनिकल आणि सिव्हिल दोन्हींपर्यंत मी पोचते. महिनाअखेरीला पसंतीचा फॉर्म भरायचा. पहिल्या पसंतीला नंबर लागला की तीच शाखा घ्यावी लागते, म्हणजे पहिल्या ओळीत काय लिहायचं एवढाच प्रश्न आहे.

पप्पांच्या मते तो प्रश्नच नाही. चाळ रीडेव्हलपमेंटला गेलीय, पप्पा कमिटीचे सचिव आहेत, घरातच सिव्हिल इंजिनिअर असला की बिल्डर सरळ येईल, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा म्हणाले, "पप्पा, मला जरा बोलायचंय." तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तोंडी नको, लेखी दे." ते कमिटीत सगळ्यांना हेच म्हणतात. बहुतेक गमतीने म्हणाले असतील, पण माझं बोलणं राहिलंच.

आत्या, सिव्हिलमध्ये सारखं उन्हात उभं राहावं लागतं ना गं? सिमेंटने हात फुटतात म्हणे. एक बिल्डिंग व्हायला केवढी वर्षं लागतात, तोवर माणसाने वाट बघत बसायचं का? आणि झाली की ती नुसती उभी. हलत नाही, फिरत नाही. शिवाय सिव्हिलच्या पुस्तकांची जाडी बघितलीस का? मेकॅनिकल चांगलं आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मी कोणाच्या बाजूने बोलत नाहीये हं, नुसतं विचारतेय. तू रोज एवढ्या बायकांना दोन साड्यांतली एक निवडायला लावतेस, म्हणून तुला विचारलं. पप्पांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
अपूर्वा


हिंदमाता, दादर
९ जुलै

प्रिय अपूबाळ हिस,

अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

कागद बघून हसू नको. साडीच्या घडीत घालतात तो आहे. दुकानात वहीचं पान मिळत नाही, हे हवे तेवढे मिळतात. डब्याच्या सुट्टीत लिहितेय, हळदीचा डाग पडला तर पडू दे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मनात म्हटलं, अरे, हे तर माझ्या रोजच्या धंद्यातलं आहे! ऐक. बाई काउंटरला दोन साड्या घेऊन बसते. एकीला म्हणते, "छान आहे, ठेवा बाजूला." ती साडी गेली. तिच्याकडे बाई परत ढुंकून बघत नाही. दुसरीला मात्र म्हणते, "काठ जरा जाड वाटतो का हो? रंग जाईल का? फॉल कुठला लावायचा? माझ्या जावेकडे असलीच आहे." नवीन पोरी असतात दुकानात, त्या घाबरून ती साडी उचलायला जातात. मी त्यांचा हात धरते. म्हणते, थांब गं, बिल तिचंच होणार आहे. जिला नावं ठेवते तीच गिऱ्हाईक घरी नेतं. माझा अंदाज आजवर चुकलेला नाही, शेठला विचार.

आता तुझं बघ. सिव्हिलला ऊन आहे, सिमेंट आहे, पुस्तकं जाड आहेत. आणि मेकॅनिकल? "चांगलं आहे, काही म्हणणं नाही." अगं वेडे, तुला सिव्हिल हवंय! पप्पांनी सुचवलं म्हणून लगेच हो म्हणायला लाज वाटतेय, एवढंच. तू लहानपणापासून अशीच आहेस, लाडू हवा असला की "कडक आहे का?" विचारायचीस.

आणि "पप्पांना सांगू नको" लिहिलंस त्यावरून तर माझी खात्रीच पटली. बायका "नको नको, पदर उघडून दाखवू नका" म्हणतात, तेव्हा उघडायचाच असतो. काल संध्याकाळी दुकान सुटल्यावर राजाला फोन करून सांगून टाकलं, पोरीचं सिव्हिल नक्की आहे, तिला आता छळू नको. इतका खूश झाला की मला तेच परत दोनदा सांगायला लावलं. तुला बोलायला जड जात होतं, ते ओझं मी उतरवलं.

तुझी,
कमलआत्या


घोडपदेव,
१४ जुलै

प्रिय आत्या,

जय भीम.

ओझं उतरवलंस खरं, पण ते थेट माझ्या डोक्यावर.

तुझा फोन आला तेव्हा मी खाली नळावर होते. वर आले तर पप्पा शर्ट घालून कमिटीच्या मीटिंगला निघालेले. मीटिंग नव्हती, त्यांनी ती बोलावली. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तर चौकात बॅनर! "आपल्या चाळीची पहिली सिव्हिल इंजिनिअर, कु. अपूर्वा राजरत्न गमरे हिचे हार्दिक अभिनंदन!" आत्या, अजून फॉर्म भरलेला नाही. माझा फोटो दहावीचा, दोन वेण्यांचा, त्यावर धनेशने कॉम्प्युटरवर पिवळं हेल्मेट चढवलंय. वेण्या हेल्मेटच्या बाहेर लोंबतायत. आजूबाजूला कमिटीतले सगळे शुभेच्छुक, प्रत्येकाचं तोंड माझ्यापेक्षा मोठं. त्यात धनेशचं सगळ्यांत मोठं, कारण प्रिंटिंगचं दुकान त्याचं.

पुढचं तर विचारू नकोस. दुर्गाकाकूंनी मला हाताला धरून त्यांच्या मोरीत नेलं. म्हणाल्या, "बाळा, हा तडा वरनं खाली आलाय का खालनं वर गेलाय, जरा बघून सांग." मी बारावी पास आहे, आत्या! पण त्या इतक्या आशेने बघत होत्या की मी एक वाटी घेऊन भिंतीवर ठकठक केलं आणि म्हणाले, "लक्ष ठेवा." झालं. ही बातमी मजलाभर पसरली. आता आमच्या मजल्यावर जिकडे तिकडे लोक भिंतींवर लक्ष ठेवून बसलेत.

तू गिऱ्हाईक ओळखतेस, पण मला नाही ओळखलंस. मला मेकॅनिकल हवंय. त्याबद्दल काही म्हणणं नाही असं लिहिलं, कारण खरंच काही तक्रार नव्हती. जे मनापासून आवडतं त्याला कशी नावं ठेवायची? आणि उघड लिहायला भीती वाटली.

तुला यंदाच्या जयंतीचा आमचा चित्ररथ आठवतो का? त्यावरचं मोठं धम्मचक्र दरवर्षी धनेश आत बसून हाताने फिरवायचा. त्याचा हात दुखला की चक्र थांबायचं आणि लोक खालून ओरडायचे. यंदा मी भायखळ्याच्या भंगारवाल्याकडून जुन्या टॅक्सीच्या वायपरची मोटर आणली. पहिल्यांदा लावली तर चक्र अर्धं पुढे जायचं आणि तेवढंच मागे यायचं. सगळे हसून हसून पडले. धनेश म्हणाला, "अपू, धम्म मागे चालला गं!" मी घरी येऊन रडले. मग लक्षात आलं, मोटर बिचारी गोलच फिरतेय, तिला जोडलेला वायपरचा दांडा मागेपुढे करतोय. दांडा काढला, चक्र सरळ मोटरला जोडलं आणि ते फिरायला लागलं. आत्या, मिरवणूक पार संपेपर्यंत ते फिरत होतं. मला त्या दिवशी जे वाटलं ना, ते मार्क बघूनसुद्धा वाटलं नाही. मला आयुष्यभर हेच करायचंय, एका जागचं फिरणं दुसऱ्या जागी कसं न्यायचं ते.

पण हे पप्पांना कोण सांगणार? ते येताजाता त्या बॅनरखाली थांबतात, कोणी बघत नाहीये असं वाटलं की रुमालाने माझ्या फोटोवरची धूळ पुसतात. तूच घोळ घातलास, आता तूच निस्तर.

तुझी (आणि फक्त तुझीच नाही, आता अख्ख्या चाळीची),
अपूर्वा


हिंदमाता,
१७ जुलै

अपू,

जय भीम.

तुझं पत्र वाचून माझ्या हातातली पैठणी खाली पडली. शेठने बघितलं. माझा अंदाज चुकला! मी दुपारचा डबा तसाच परत नेला. हर्षवर्धन मला विचारतो, "मम्मी, तब्येत बरी नाही का?" त्याला काय सांगू?

खरं सांगू का, यात तुझीही चूक आहे. गिऱ्हाईकाने गिऱ्हाईकासारखं वागावं. आवडत्या मालाबद्दल गप्प बसणारं गिऱ्हाईक मी माझ्या जन्मात बघितलं नव्हतं. बरं, ते जाऊ दे. चक्राचं वाचलं आणि मला गलबलून आलं. मी तेव्हा फुटपाथवर उभी राहून त्या चक्राचा व्हिडीओ काढला होता आणि मनात म्हटलं होतं, धनेश यंदा दमला नाही वाटतं.

आता उपाय. गिऱ्हाईकाने एक साडी मुठीत घट्ट धरली असेल तर ती ओढायची नसते. तिला नावंही ठेवायची नाहीत, त्याने पकड वाढते. अशा वेळी तिसरी काढायची. अशी की बघूनच घाम फुटला पाहिजे. मग माणूस आपोआप मधली घेतं आणि वर आपले आभार मानतं.

हर्षवर्धनच्या मित्राचा भाऊ जहाजावर इंजिनिअर आहे. सहा-सहा महिने घरी येत नाही, चहूकडे पाणी. मी या रविवारी घरी येते आणि राजाला सांगते, अपूला सिव्हिलही नको, मेकॅनिकलही नको, तिला मरीन हवंय. तो आधी पांढराफटक पडेल. मग मीच म्हणेन, "अरे, एवढं असेल तर मेकॅनिकल कर, ते तसंच असतं पण जमिनीवर." तो माझे पाय धरेल बघ.

तू काही बोलायचं नाहीस. मी जहाज म्हटलं की खिडकीबाहेर लांब बघायचं, बस्स. हे पत्र रविवारनंतर पोचलं तर गोंधळ नको, म्हणून आल्या आल्या तुला चिमटा काढीन. तो लांब बघायचा इशारा.

तुझी,
कमलआत्या


घोडपदेव,
२३ जुलै

प्रिय आत्या,

जय भीम. हे पत्र हर्षवर्धनदादाच्या हाती देतेय, कारण आता पोस्टाइतका वेळ नाही.

तू जहाज म्हणालीस, पप्पांच्या नाकात चहा गेला आणि त्यांनी तुझ्यापुढे हात जोडले, इथपर्यंत तू होतीसच. मेकॅनिकलचं तू काढणार, तेवढ्यात ते शर्टाची बटणं लावत बाहेर पडले आणि तुझी बस गाठायची वेळ झाली. तू जाताना मला डोळा मारलास. तुला वाटलं, काम झालं.

आता झालेलं काम ऐक. पप्पा गेले ते थेट धनेशच्या दुकानात. त्यांनी तिथे सांगितलं की, पोरीला जहाजावरून बोलावणं आलं होतं, तिची आत्या स्वतः निरोप घेऊन आली होती, पण आमच्या अपूने तोंडातून शब्द न काढता खिडकीतून आपल्या चाळीकडे बघितलं आणि तिथेच तिचा निर्णय झाला. आत्या, मी तुझ्या सांगण्याप्रमाणे लांब बघत होते!

काल सकाळी चौकात दुसरा बॅनर. "समुद्र नाकारला, चाळ स्वीकारली!" मागे एक भलंमोठं जहाज, त्यावर लाल फुली. पुढे मी, तेच हेल्मेट, त्याच वेण्या. दुर्गाकाकूंनी माझी दृष्ट काढली. म्हणाल्या, "बरं केलंस बाळा, पाण्यात काय ठेवलंय?"

आणि काल संध्याकाळी फॉर्म भरला. पप्पांनी ऑफिसातून लवकर येऊन माझ्यासाठी टेबल पुसलं. मग पासवर्ड दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्याचा पासवर्ड बघू नये म्हणतात. मी स्क्रीनकडे बघितलं, त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि पहिल्या पसंतीत मेकॅनिकल टाकलं. दुसऱ्या पसंतीत सिव्हिल. "झालं का?" "झालं." त्यांनी वळून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चाळीचं नाव काढलंस." मला तोंड लपवायला जागा नव्हती. आपली खोली केवढी, तुला माहीत आहे.

फॉर्म अजून लॉक केलेला नाही. सत्तावीसपर्यंत बदलता येतो, लॉक केला की संपलं. मी असं ठरवलंय की गपचूप लॉक करायचा आणि नंबर लागला की सांगायचं, "काय करणार, कॉम्प्युटरने मेकॅनिकल दिलं." कॉम्प्युटरशी पप्पा भांडणार नाहीत. तू फक्त हो ला हो कर. करशील ना?

तुझी,
अपूर्वा


हिंदमाता,
२४ जुलै

अपू,

नाही करणार.

हर्षवर्धन खाली गाडी लावून उभा आहे म्हणून घाईत लिहितेय. दोन वेळा मी तुझ्या कामात शहाणपणा केला आणि दोन्ही वेळा चौकात बॅनर लागला. आता शहाणपणा नाही, जे बघितलंय तेवढंच सांगते.

घरी न सांगता साडी नेणाऱ्या बायका माझ्याकडे खूप येतात. पिशवी नको म्हणतात, पर्सच्या तळाशी कोंबतात. मग ती साडी कपाटातही तळाशीच जाते. "कुठून आणली?" विचारतील म्हणून कुठल्या लग्नाला नेसत नाहीत. पुढे कधीतरी येऊन म्हणतात, "घडीवर विरली हो." एवढ्या हौसेने घेतलेली! तू चार वर्षं कॉलेजातून घरी येशील. आज काय शिकलीस, काय फिरवलंस, काय बिघडलं, हे तुला त्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही का? कॉम्प्युटरने दिलेली शाखा तू आनंदाने कशी मिरवशील?

म्हणून लॉक करायच्या आधी सांग. नंतर सांगितलंस तर ते सांगणं नाही, कळवणं झालं. आणि सांगितल्यावर त्याने सिव्हिल करायला लावलं तर? लावू शकतो. मी त्याची खात्री देत नाही. माझ्या खात्रीचं काय होतं ते तू बघितलंसच. पण तो माझा भाऊ आहे. मला तू रडलेली चालेल, तू त्याच्यापासून लपलेली चालणार नाही.

तोंडाने सांगायची छाती होत नसेल तर त्याला समजेल अशा भाषेत लिहून दे.

कमलआत्या


घोडपदेव,
२५ जुलै

प्रति,
मा. सचिव,
चाळ रहिवासी कमिटी, तथा माझे पप्पा

विषय : मेकॅनिकल शाखेस पहिली पसंती देण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, मी आपली मुलगी असून आपल्याच खोलीत राहते. आपण "तोंडी नको, लेखी दे" असे म्हणाला होतात. ते गमतीने होते की खरे हे मला समजले नाही, म्हणून लेखी देत आहे.

मंगळवारी आपण भिंतीकडे तोंड करून बसला असताना मी पहिल्या पसंतीत मेकॅनिकल आणि दुसऱ्या पसंतीत सिव्हिल भरले आहे. आपण "झालं का" विचारल्यावर "झालं" म्हणाले, ते खरे होते, पण पुरते नव्हते. सिव्हिल मला हवे आहे हा कमलआत्याचा गैरसमज होता. जहाज हा कमलआत्याचा उपाय होता. मला जहाजावरून बोलावणे आलेले नाही, तसेच मी चाळीसाठी समुद्र नाकारलेला नाही. दुर्गाकाकूंच्या मोरीतल्या तड्याबद्दल मला काहीही कळत नाही.

मला यंत्रं आवडतात, पप्पा. जयंतीचं चक्र मी फिरवलं होतं. तेव्हापासून मला दुसरं काही करावंसंच वाटत नाही. हे आधी सांगायला हवं होतं, पण तुम्ही इतके खूश होतात की मला तो आनंद मोडवेना.

फॉर्म लॉक केलेला नाही. परवापर्यंत बदलता येतो. तुम्ही सांगाल तर मी बदलीन. पण मला तो बदलायचा नाही, हेही याच अर्जात नमूद करते.

आपली विश्वासू,
अपूर्वा


खोली क्रमांक २३, घोडपदेव
२६ जुलै

प्रति,
कु. अपूर्वा राजरत्न गमरे,
खोली क्रमांक २३ (पलंगाच्या बाजूस)

संदर्भ : आपला दि. २५ जुलैचा अर्ज.

महोदया,

उपरोक्त संदर्भीय अर्ज काल माझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलेला आढळून आला. अर्ज सादर करण्याची ही पद्धत नव्हे. तथापि तो दाखल करून घेण्यात आला असून त्यावर पुढीलप्रमाणे

हे या भाषेत जमत नाही. साधंच लिहितो.

अपू, मला राग आला. काल जेवलो नाही, आज सकाळीही तुझ्याशी बोललो नाही. मेकॅनिकलचा राग नव्हता. तू ताईला लिहिलंस, ताईने मला सांगितलं, मी धनेशला सांगितलं आणि धनेशने ते चौकात टांगलं. एवढ्या सगळ्यांच्या तोंडून ते फिरलं, पण तुला कोणीच विचारलं नाही. न विचारणाऱ्यांत पहिला मी. मुलीला बापाकडे अर्ज करावा लागला, याचा राग आला, आणि तो मला माझाच आला.

सिव्हिल का म्हणत होतो ते सांगतो. हे तुझ्या मम्मीलाही माहीत नाही. बिल्डरचा माणूस टेबलावर नकाशा पसरतो तेव्हा मी चष्मा लावून मान हलवतो. मला त्यातलं काही कळत नाही. परवा एका नकाशावर मी बराच वेळ मान हलवत होतो, तो बाजूच्या प्लॉटचा निघाला. सगळी चाळ माझ्या मानेकडे बघून निर्धास्त होते. उद्या माझ्या सहीने कोणाची खोली लहान झाली तर मी या जिन्यावरून वर कसा येऊ? मला भीती वाटते, अपू. घरात कोणी जाणतं असलं की भीती कमी होईल, एवढाच माझा विचार होता. तो तुझ्या शिक्षणाचा विचार नव्हता, माझ्या भीतीचा होता.

आणि मी कसला सचिव! तू सिव्हिल शिकून बाहेर पडायला चार वर्षं लागणार. तोपर्यंत चाळ तरी पडलेली असेल नाहीतर टॉवर तरी झालेला असेल. तू नकाशा बघणार होतीस तो कशाचा? अख्ख्या कमिटीने टाळ्या वाजवल्या, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. उद्याच्या मीटिंगमध्ये मी उभा राहून सांगणार आहे की मला नकाशा वाचता येत नाही, शिकलेला माणूस फी देऊन नेमा. धनेशचं काय करायचं ते माझ्यावर सोड. तो तिसरा बॅनर लावल्याशिवाय राहणार नाही, पण या वेळी मजकूर आधी तुला दाखवायला लावतो.

जयंतीला मी मिरवणुकीच्या पुढे होतो. घोषणा देत होतो. मागे वळून चक्राकडे एकदाही बघितलं नाही. ते नुसतं फिरतंय एवढंच लोकांकडून मला कळलं होतं, तू फिरवतेयस हे तुझ्या अर्जात वाचलं. ते कसं केलंस ते मला दाखव. मला कळलं नाही तर मी मान हलवणार नाही, परत विचारीन.

दुसऱ्या पसंतीत सिव्हिल टाकलंयस, ते राहू दे.

हे लिहितोय तेव्हा तू समोर पुस्तक घेऊन बसलीयेस. बराच वेळ पान उलटलेलं नाही. मम्मी आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघतेय आणि ताटं मांडून थांबलीय. हा कागद मी आता तुझ्याकडे सरकवतो. वाचून झाला की फोन घे आणि फॉर्म लॉक कर. या वेळी मी भिंतीकडे तोंड करणार नाही, तुझ्या शेजारी बसून बघणार आहे. मग आपण तिघं जेवू.

तुझा,
पप्पा